ऐंशी आणि शंभरच्या मधला भोंगेवाला

भाच्याने मामाचा कोपर मोडला तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि गल्लीत निदान चाळीस माणसं उभी होती. भाचा रॉकेट केंद्राच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे, एकतीस वर्षांचा. हातात तिथलीच इंचाची सळई होती. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा हुकून पाण्याच्या नळावर आदळला, तिसऱ्याने हाड फुटलं. तो आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या बाईलाही ऐकू गेला. तिला वाटलं, खाली कुणीतरी फळी मोडतंय.

मामा खाली बसला. ओरडला नाही.

"भोंगा ओढला नाहीस तो हात कुठला, तेवढं सांग," भाचा म्हणाला. "तेवढाच तोडतो. दुसरा ठेवतो जेवायला."

"उजवा. तोच मोडलायस."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. भाच्याने सळई पुन्हा उचलली तेवढ्यात मागून त्याची आई आली. चार दिवसांपूर्वी विधवा झालेली बाई. तिने मुलाच्या मनगटाला धरलं नाही, नुसती सळईच्या आड येऊन उभी राहिली.

"खाली टाक."

"आई, ह्याच्यामुळे बाबा—"

"तुझा बाप व्हायच्या आधी तो माझा नवरा होता. चौकशी बसलीय. ह्याचा दोष निघाला तर सळई मी धरीन, तू नाही. तोवर कुणी हात लावायचा नाही." मग ती भावाकडे वळली. "आणि तू माझ्या दारात पाय ठेवायचा नाहीस. निकाल लागेपर्यंत मला भाऊ नाही."

मामाने पोलिसांत तक्रार दिली नाही. दवाखान्यात विचारलं तेव्हा म्हणाला, पडलो.

हा मामा म्हणजे वस्तीचा भोंगेवाला. लोक त्याला भोंग्याच म्हणतात, आणि पगारपत्रकाखेरीज त्याचं दुसरं नाव कुठे वापरात नाही. वय त्रेपन्न. अंगाने आडवा, मान आखूड, पुढचे दोन दात नाहीत. तरुणपणी तो बंदरावर पोती वाहायचा, तेव्हा आधी हात चालायचा, तोंड नंतर. एका मुकादमाचा जबडा त्याने असा सरकवला होता की तो माणूस पुढे आयुष्यभर एकाच बाजूने चावत राहिला. भोंग्याची नोकरीही त्याला मारामारीतच मिळाली. आधीचा भोंगेवाला ड्यूटीवर दारू पिऊन झोपायचा. एका चाचणीच्या दिवशी ह्याने पाण्याच्या टाकीवर चढून त्याला कॉलरला धरलं आणि बासष्ट पायऱ्या खाली ओढत आणलं. खाली पोचला तेव्हा त्या माणसाच्या पाठीवर प्रत्येक पायरीची नोंद होती. केंद्राच्या साहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं, एकाला काढलं आणि दुसऱ्याला ठेवून घेतलं.

वस्ती म्हणजे केंद्राच्या कामगारांच्या नऊ चाळी. रॉकेट उडवायचा मनोरा तिथून सहा किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूला. टाकीच्या माथ्यावर भोंगा, त्याखाली दांडा, एक खुर्ची, एक टेलिफोन. चौथ्या वर्षी ह्याचा डावा कान गेला. बहीण म्हणायची, "शिव्या द्यायच्या तर उजवीकडून द्या, डावीकडच्या फुकट जातात." बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, काचा बसवण्याचं काम करायचे. रॉकेट उडालं की हादऱ्याने वस्तीतल्या दहा-वीस काचा तडकायच्याच. दाजी शिडी खांद्यावर टाकून निघत आणि म्हणत, "केंद्राने मला नोकरी नाही दिली, पण धंदा दिला." मेव्हण्या-मेव्हण्यांचं बरं जमायचं. दर रविवारी दोघे एकाच ताटलीतले शेंगदाणे खात पत्ते खेळायचे आणि डाव उधळून उठायचे.

आता केंद्राची पद्धत. ती समजल्याशिवाय पुढचं काही समजत नाही.

चाचण्या दोन प्रकारच्या. रॉकेट हवेतच राहणार असेल तर ती हवाई चाचणी. तेव्हा उड्डाण विभाग भोंगेवाल्याकडे पिवळा कागद पाठवतो, भोंगा तीन वेळा लांब वाजतो आणि लोक चाळींखालच्या तळघरांत जातात. रॉकेट हवेच्या बाहेर, अंतराळात जाणार असेल तर ती अंतराळ चाचणी. तिचा कागद भोंगेवाल्याला येत नाही, कारण त्या दिवशी सकाळीच सुरक्षा विभाग ट्रक आणून सगळी वस्ती रिकामी करतो. भोंगा ऐकायला माणूसच नसतो.

हवा कुठे संपते, हे मात्र दोन्ही विभागांनी आपापल्या वहीत वेगवेगळं लिहिलं होतं. उड्डाण विभागाच्या मते ऐंशी किलोमीटरवर. सुरक्षा विभागाच्या मते शंभरावर. तेरा वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण तेरा वर्षं लहान रॉकेटं साठ-सत्तरपर्यंत जायची आणि मोठी दीडशेच्या वर. मधल्या वीस किलोमीटरांत कुणाचं काम नव्हतं. मग नवं, मध्यम आकाराचं रॉकेट आलं. त्याची ठरलेली उंची होती एक्क्याण्णव.

उड्डाण विभाग म्हणाला, हे अंतराळ; पिवळा कागद काढला नाही. सुरक्षा विभाग म्हणाला, ही हवा. ट्रक पाठवले नाहीत. दोघांनी आपापल्या वहीप्रमाणे काम केलं, चोख.

त्या दिवशी सकाळी नऊ वाजता भोंगेवाला टाकीवर होता. एका बाजूला मनोऱ्यावर रॉकेट उभं. दुसऱ्या बाजूला वस्ती, गच्च भरलेली: दोऱ्यांवर कपडे, शाळेच्या पटांगणात कवायत, दुसऱ्या चाळीपुढे शिडी आणि शिडीवर दाजी. हातात कागद नाही. त्याने उड्डाण विभागाला फोन लावला.

"कागद नाही आला, साहेब."

"येणार नाही. अंतराळ चाचणी आहे. वस्ती रिकामी आहे."

"वस्ती माझ्या डोळ्यांपुढे आहे. आमचे दाजी शिडीवर आहेत."

"मग सुरक्षावाल्यांना विचार ना! इथे उलटी मोजणी चाललीय, तुझ्या दाजींचं काय घेऊन बसलास?"

सुरक्षा विभागाचा फोन वाजत राहिला. तिथले सगळे गच्चीवर रॉकेट बघायला गेले होते. त्यानंतर भोंगेवाल्याने काय केलं, हे पुढे चौकशीत त्याला कुणी विचारलं नाही.

रॉकेट सुटलं. आवाज ऐकून वस्तीतले लोक गल्ल्यांत आले. दाजीही शिडीवरून उतरून गल्लीच्या मधोमध उभे राहिले, बसवायची काच हातात तशीच. खालच्या टप्प्याचं इंधन संपलं, तो टप्पा सुटला आणि समुद्राकडे जायच्या ऐवजी वरच्या वाऱ्याने वस्तीकडे आला. तीन मिनिटं अकरा सेकंदांनी ते नळकांडं गल्लीत उतरलं. पुरुषभर उंचीचं, नव्वद किलोचं, पोलादी. ते दाजींच्या खांद्यातून शिरलं आणि त्यांच्यासकट फरशीत हातभर गेलं. काचेचे तुकडे सात घरांच्या भिंतींत रुतले. समोरच्या ओट्यावरच्या बाईचा डोळा गेला. एका कुत्र्याचे मागचे दोन पाय गेले, आणि ते अर्धा तास पुढच्या पायांवर गल्लीत फिरत राहिलं. शेवटी कुणीतरी त्याच्या डोक्यात वरवंटा घातला. दाजींना बाहेर काढायला दुपार झाली. फरशी फोडायला पहारी आणाव्या लागल्या, आणि त्यातली एक भाच्याच्या हातात होती.

रॉकेट ठरल्या उंचीवर पोचलं. एक्क्याण्णव.

चौकशी केंद्राच्या कँटीनमध्ये बसली, कारण तेवढी माणसं दुसऱ्या खोलीत मावत नव्हती. प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात बांधून भोंगेवाला शेवटच्या बाकावर बसायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जागा रिकाम्या राहायच्या.

सुरक्षाप्रमुखाने पहिल्याच दिवशी नियमांचं पुस्तक उघडून वाचलं: "हवाई चाचणीत वस्तीला सावध करण्याची जबाबदारी भोंगेवाल्याची राहील. कागद ही सोय आहे, परवानगी नव्हे." त्याने पुस्तक मिटलं. "एक्क्याण्णव म्हणजे हवा. म्हणजे हवाई चाचणी. म्हणजे हा माणूस."

हाच सुरक्षाप्रमुख दोन वर्षांपूर्वी उलट बोलला होता. तेव्हा मनोऱ्याकडे पांढरा धूर बघून भोंगेवाल्याने कागदाशिवाय भोंगा ओढला होता. धूर गवताचा निघाला. पण तेवढ्यात दोन हजार माणसं तळघरांकडे धावली, पाचव्या चाळीच्या जिन्यावर एक निवृत्त पोस्टमन खाली पडला आणि त्याच्यावरून दोनशे पावलं गेली. बाहेर काढला तेव्हा त्याची छाती पत्र्यासारखी चेपली होती. पोस्टमनच्या तिघा मुलांनी भोंगेवाल्याला टाकीच्या जिन्यात गाठून तुडवला. दोन दात तेव्हाच गेले. नंतर सुरक्षाप्रमुखाने त्याला केबिनमध्ये उभा करून दोन थोबाडीत दिल्या. "कागदाशिवाय दांड्याला हात लावलास तर हात राहणार नाही." बंदरावर मुकादमाचा जबडा सरकवणारा हा माणूस तेव्हा मान खाली घालून उभा राहिला, कारण पोस्टमन खरोखरच मेला होता.

चौकशीत हे त्याने सांगितलं. सुरक्षाप्रमुख म्हणाला, तसं काही आठवत नाही.

मग उड्डाणप्रमुख उठला. "प्रश्नच चुकीचा आहे. हवा ऐंशीला संपते. त्याच्या वर रॉकेटच्या पंखांना काही काम उरत नाही, पाहिजे तर करवतीने कापून टाका. ही अंतराळ चाचणी होती. ट्रक कुठे होते तुमचे?"

"शंभर! सगळं जग शंभर धरतं!"

"तुमचं जग तुमच्या ऑफिसच्या गच्चीवर संपतं. फोन उचलायलाही खाली येत नाही."

सुरक्षाप्रमुखाने टेबलावरचा पाण्याचा काचेचा जग फेकला. तो उड्डाणप्रमुखाच्या भुवईवर फुटला. पुढची पाच मिनिटं कँटीनमध्ये दोन विभागांचे शिकलेसवरलेले लोक एकमेकांना खुर्च्यांनी मारत होते. एका आकडेमोड करणाऱ्या गृहस्थाने टायपिस्टच्या हाताचा कडकडून चावा घेतला. भोंगेवाला बाकावर बसून बघत राहिला. त्या दिवशी त्याला एक गोष्ट कळली: आपण दाजींना मारलं की नाही, हे ह्या दोन आकड्यांवर ठरणार. हवा ऐंशीला संपत असेल तर आपण सुटलो. शंभराला संपत असेल तर सळई ताईच्या हातात जाणार.

केंद्रात हवामानाचे फुगे सोडणाऱ्या एक बाई आहेत. पंचवीस वर्षं रोज दोन फुगे. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या शेडमध्ये गेला.

"बाई, हवा कुठे संपते?"

बाईंनी वर न बघता विचारलं, "डोक्याला पण लागलंय का?"

"नाही, कोपरच. मला खरं सांगा. ऐंशी का शंभर?"

बाईंनी हातातलं रबर खाली ठेवलं. "माझा फुगा तीस किलोमीटरवर फुटतो. तिथे शंभरातले नव्व्याण्णव भाग हवा खाली राहिलेली असते."

"म्हणजे तीसलाच संपते?"

"कुठे संपते! उरलेला एक भाग वर शेकडो किलोमीटर पसरलाय. चारशेवर उपग्रह फिरतात, त्यांनाही ती घासते, हळूहळू खाली ओढते. भिंत नाही तिथे, की दार नाही. नुसती विरत जाते."

"मग हे ऐंशी-शंभर कुणी काढलं?"

"विमानाला हवा उचलून धरते ना? जितकं वर जाल तितकी ती विरळ, तितका जास्त वेग लागतो. एक उंची अशी येते की तिथे हवेवर तरंगायचं तर इतक्या वेगाने जावं लागेल, की त्या वेगाने तुम्ही हवेशिवायही पृथ्वीभोवती फिरत राहाल. पंखांचा उपयोग संपला. कुणी हिशेब करून ती उंची ऐंशीच्या जवळ आणतं. कुणी शंभर हा गोल आकडा धरतं. दोघांचंही चुकत नाही. रेघ माणसांनी मारलीय, हवेला ती माहीत नाही."

भोंगेवाल्याने विचारलं, "मग एक्क्याण्णववर माझं काय?"

"एक्क्याण्णववर तुम्ही कुठे होता?" बाई म्हणाल्या. "तुम्ही टाकीवर होता."

तो निघाला.

निकाल सतरा दिवसांनी लागला. हवा ऐंशी किलोमीटरवर संपते, असं चौकशी समितीने ठरवलं. ह्यात विज्ञानाचा वाटा किती होता हे सांगणं कठीण आहे. केंद्राला "आमचं नवं रॉकेट अंतराळात पोचलं" असं पत्रक छापायचं होतं, आणि हवा शंभराला संपत असती तर ते छापता आलं नसतं, एवढं मात्र कागदोपत्री दिसतं. चाचणी अंतराळ चाचणी ठरली. ट्रक न पाठवणं हा सुरक्षा विभागाचा गुन्हा ठरला, सुरक्षाप्रमुख घरी गेला. जाताना केंद्राच्या फाटकाशी पाचव्या चाळीतल्या लोकांनी त्याची गाडी उलटी केली. आत तो होता. त्याचे तीन दात गेले आणि गळपट्टीचं हाड मोडलं. भोंगेवाला निर्दोष.

संध्याकाळी भाचा त्याच्या खोलीवर आला. दाराशीच उभा राहिला.

"मामा, चुकलं माझं."

"बस."

"बसायला नाही आलो. आई बोलावतेय. म्हणाली, भावाला घेऊन ये." तो कोपराकडे बघत होता. "केंद्राच्या डॉक्टरला विचारलं मी. म्हणाला, पूर्ण सरळ नाही होणार."

"एकच कान चालतो, आता एकच हात. चालेल."

"मामा, चेष्टा नको रे."

दोघे चालत चौथ्या चाळीत गेले. लोकांनी ओट्यांवरून हाका मारल्या, एकाने खांद्यावर थाप मारली. बहीण दारात उभी होती. तिने दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाली.

"ये. हात-पाय धू. जेवायला वाढते."

तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "ताई, आधी एक ऐक."

"निकाल ऐकला मी."

"निकालात नाही ते. फोन कुणी उचलला नाही, त्यानंतरचं." तो उजवा कान तिच्याकडे करून उभा राहिला, ती काय म्हणेल ते नीट ऐकू यावं म्हणून. "रॉकेट सुटायला अकरा मिनिटं होती. मी दांड्यावर हात ठेवला होता. अकरा मिनिटं ठेवला होता. दाजी मला दिसत होते. ते खिडकीच्या चौकटीला लांबीचा लगदा लावत होते. मला कळत होतं की काहीतरी चुकलंय, रॉकेटही उभं आहे आणि माणसंही आहेत. ओढला असता तर सगळी खाली गेली असती."

"मग?"

"नाही ओढला."

"का?"

"पुन्हा मारतील म्हणून."

भाचा मागे सरकला.

बहीण आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात काचा कापताना दाजी आखायला घ्यायचे ती लोखंडी कडेची लाकडी पट्टी होती, दोन हात लांब. "तू बाजूला," ती मुलाला म्हणाली. पहिला फटका तिने गालावर मारला. कड लागून गाल कानापासून ओठापर्यंत उलला. भोंगेवाल्याने हात वर केला नाही. मग मानेवर, पाठीवर, प्लॅस्टरवर. प्लॅस्टरला तडा गेला तेव्हा तो पहिल्यांदा ओरडला. ती थांबली नाही. शेजारी बाहेर आले आणि जागच्या जागी उभे राहिले. पट्टी मधोमध मोडली, तेव्हा ती उरलेल्या अर्ध्या तुकड्याने मारत राहिली. तोही हातातून निसटला. मग ती धापा टाकत उंबऱ्यावर बसली. भाऊ समोर गुडघ्यांवर होता, शर्टाची पुढची बाजू लाल.

"लागलं?" तिने विचारलं.

"लागलं."

"मेलास?"

"नाही."

"एवढ्यासाठी घालवलास माझा माणूस."

ती उठली आणि दार लावून घेतलं. भाच्याने मामाला उचलून दवाखान्यात नेलं. गालाला एकोणीस टाके पडले. ह्या वेळीही तो म्हणाला, पडलो. टाके घालणारी नर्स म्हणाली, "काका, तुमच्या वस्तीत जमीन फार वर येते."

सोमवारी तो कामावर गेला. हवा आता दोन्ही वह्यांत ऐंशीलाच संपते. पिवळे कागद वेळेवर येतात, ट्रकही येतात. भोंगेवाला मात्र मनोऱ्यावर रॉकेट दिसलं की डाव्या हाताने दांडा ओढतो. कागद असो वा नसो, ट्रक येऊन वस्ती ओस पडलेली असो वा नसो. दोनदा निलंबन झालं, दोनदा परत घेतलं, कारण बासष्ट पायऱ्या चढायला दुसरा कुणी तयार नाही.

गेल्या महिन्यात केंद्राने मनोऱ्यावर नुसता रंग द्यायला एक रिकामं रॉकेट उभं केलं. त्याने भोंगा ओढला. भर दुपारी दोन हजार माणसं ताटावरून उठून तळघरांत गेली, तासाभराने वर आली आणि सरळ टाकीकडे निघाली. जिन्याच्या पायथ्याशी त्याला आठ-दहा जणांनी घेरलं. चपला, लाथा, एक सायकलची साखळी. चौथ्या चाळीतून ती जागा दिसते. बहीण खिडकीत उभी होती. ती खाली आली नाही आणि खिडकीही लावली नाही. लोक पांगले तसा तो कठड्याला धरून उठला, तोंडातलं रक्त थुंकलं आणि ड्यूटी संपायला अजून तीन तास होते म्हणून पुन्हा वर चढायला लागला.